लाल दिव्याचं ‘हो’

सगळे ओठ मिटून गुणगुणत होते. शब्द नव्हते, धड सूरही नव्हता, नुसता एक घुमारा होता. वर्कशॉपच्या पत्र्याखाली तो असा साठला होता की छातीच्या हाडाला जाणवत होता. टायरवाले, रेसिंग क्लबचे हौशी ड्रायव्हर, त्यांच्या बायका, दोन वकील, एक दातांचे डॉक्टर आणि शटरपाशी टाचा उंचावून उभे असलेले रस्त्यावरचे बघे. मधोमध माझ्या दादाची गाडी. बुटकी, रुंद, दोन दारांची, जमिनीला पोट टेकवून बसल्यासारखी. इंजिन चालू होतं. ड्रायव्हरच्या सीटवर कानमहाराज बसले होते आणि त्यांनी दोन्ही हात खिडकीतून बाहेर काढून सगळ्यांना दिसतील असे वर धरले होते.

“माझे हात बघा,” ते म्हणाले. “मी कशाला शिवलेलोसुद्धा नाही. आता त्याला विचारा.”

माझी वहिनी खिडकीशी वाकली. दादाला जाऊन वर्ष होत आलं होतं. आयुष्यभर वेगाशी खेळलेला माणूस गेला तो याच वर्कशॉपमध्ये, खुर्चीत बसून, हातात चहाचा कप असताना. कोणाला काही सांगून गेला नाही. वहिनी तेव्हापासून त्या न सांगितलेल्या गोष्टीची वाट बघत होती.

“तुम्ही आहात ना?” तिने विचारलं.

गुणगुण वाढली. डॅशबोर्डवरचा लाल दिवा एकदा मिचमिचला आणि लागला. त्याच क्षणी बॉनेटखालून आवाज आला. टक टक, टक. टक टक, टक.

गर्दीतून एक हुंदका फुटला. कारण हा आवाज तिथल्या जवळजवळ प्रत्येकाला ठाऊक होता. गाडीत बसण्याआधी दादा टपावर बोटाच्या पेराने दोनदा वाजवायचा, मग जरा थांबून एकदा. दारावर तसंच, जेवणाच्या टेबलावर तसंच, लहानपणी माझ्या डोक्यावरसुद्धा तसंच. हे वाजलं की समजावं, स्वारी निघाली.

दिवा विझला. टकटक थांबली. मग माझी भाची म्हणजे दादाची मुलगी पुढे झाली. वय बावीस, बापासारखंच रुंद कपाळ, बापासारखाच हट्ट.

“बाबा, रविवारी तुमची गाडी मी चालवू?”

रविवारी जुन्या धावपट्टीवर क्लबची शर्यत होती, दादाच्या स्मरणार्थ. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग लाल दिवा लागला आणि इंजिनातून ती टकटक पुन्हा सुरू झाली.

“होकार!” कानमहाराज ओरडले. “अरे, बाप म्हणतोय, जा! स्टिअरिंगवर हात तुझे, पकड माझी!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी भुताखेतांवर हसणारी बाई. पण खोटं कशाला बोलू, मलाही दादाच ऐकू आला होता.

माझा धंदा कान तपासण्याचा. माणसाला एका बंद खोलीत बसवायचं, कानावर हेडफोन चढवायचे, बारीक बारीक आवाज सोडायचे आणि ऐकू आला की बटण दाब म्हणायचं. या कामाची एक गंमत बाहेर कोणाला माहीत नसते. मध्येच आम्ही काहीच आवाज सोडत नाही, नुसती शांतता. तरी माणसं बटण दाबतात. अगदी खात्रीने दाबतात. खोटं बोलत नसतात बिचारी. आवाज येणार म्हणून जीव कानात गोळा करून बसलेली असतात, आणि मग तो येतोच. त्या वेळी मी त्यांच्यावर रागावत नाही. पण त्या दुपारी मीही बटण दाबलं होतं, ही गोष्ट मला काही केल्या पचेना.

कानमहाराज पूर्वी सीट कव्हरं विकायचे. अचानक त्यांना साक्षात्कार झाला आणि कव्हरांच्या आतलं दिसू लागलं. पांढराशुभ्र ओव्हरऑल, ज्यावर ग्रीसचा एक ठिपका सापडला तर बक्षीस द्यावं. पायात पातळ तळव्याचे पांढरे बूट. आणि हातात लांब पोलादी कांब. कांबेचं एक टोक इंजिनाला, दुसरं कानाला लावून ते डोळे मिटायचे आणि मग मुखातून मोती गळायचे. “ताई, माणूस विसरतो, पिस्टन विसरत नाही.” “वेग मरत नसतो. वेग फक्त गिअर बदलतो.” पहिलं वाक्य मी वहिनीच्या तोंडून ऐकलं तेव्हा हसू आलं. दुसरं तिने फ्रेम करून भिंतीवर लावलं तेव्हा आलं नाही.

त्यांचा विधी ठरलेला होता. आधी ते गाडी घेऊन हमरस्त्यावर लांब, भन्नाट वेगात फेरी मारून यायचे. ‘त्याला बोलावून आणायला’ म्हणे. मग गाडीखाली पात्र ठेवून दादाचे जुने मिस्त्री नट सैल करायचे, थोडं तेल खाली काढायचे, आणि महाराज आपल्या काचेच्या बाटलीतलं सोनेरी तेल तेवढंच वरून ओतायचे. खाली काढलेल्या तेलात चांदीसारखे बारीक कण चमकायचे. त्यांना नाव होतं ‘वेगकण’. क्लबातल्या मंडळींची एक जुनी मजा होती, दादाच्याच काळातली: शर्यत जिंकणाऱ्याने आपल्या इंजिनातलं चमचाभर तेल बाकीच्यांच्या इंजिनात घालायचं. तेव्हा ते हसत हसत चालायचं. आता लोक पैसे आणि छोट्या कुप्या घेऊन महाराजांसमोर रांगेत उभे राहत होते, आणि कोणी हसत नव्हतं.

मी मिस्त्रींना बाजूला घेऊन विचारलं, “अहो, तो लाल दिवा तेलाचाच ना? मग तेल कमी असेल.”

“तोच तर चमत्कार आहे, ताई!” मिस्त्रींचे डोळे भरून आले. “मी दर वेळी तेल मोजायची पट्टी काढून बघतो. तेल काठोकाठ! दिव्याचा सेन्सर बदलला, वायर बदलली. सगळं ठीक, आणि तरी दिवा लागतो. महाराज म्हणतात, तेलात साहेब आहेत, म्हणून तेलाच्याच दिव्यातून बोलतात. मी तीस वर्षं पान्हे फिरवलेत. यापुढे माझी अक्कल चालत नाही.”

त्या संध्याकाळी मी वहिनीच्या घरी गेले. ती डायनिंग टेबलावर क्लबची पत्रकं मोजून गठ्ठे बांधत होती. पत्रकावर दादाचा फोटो होता, खाली ‘तो पुन्हा धावणार’ असं छापलेलं.

“वहिनी, पोरीला त्या गाडीत बसवू नकोस,” मी म्हटलं.

“का?”

“मला ते पटत नाही.”

“तुला काय पटतं गं?” ती गठ्ठ्याला रबर लावत म्हणाली. “तू पण ऐकलंस. मी तुझा चेहरा बघत होते. वन्सं, खरं सांग, ऐकलंस की नाही?”

एरवी ती मला ‘वन्सं’ म्हणायची ते थट्टेत. आज थट्टा नव्हती.

“ऐकलं,” मी म्हणाले.

“मग? मी वर्षभर रोज झोपेतून उठून दाराकडे बघते. आता कुठे वाजलं. आणि तू म्हणतेस, पटत नाही.” तिने पत्रकं पालथी घातली. “त्यांनी स्वतः हो म्हटलंय. मी नाही म्हणणारी कोण?”

 मग मी माझ्या धंद्यातलं एक साधं काम केलं. तिला म्हटलं, “जे ऐकलंस ते टेबलावर वाजवून दाखव.” तिने वाजवलं: दोन, मग एक. मी आतल्या खोलीत जाऊन दार लावलं आणि भाचीला तेच सांगितलं. तिने पुस्तकावर वाजवलं: तीन, मग एक. “बाबा मला शाळेत सोडताना असंच वाजवायचे,” ती म्हणाली. घरी जाताना टायरवाल्याकडे थांबले. त्याने टायरवर एकसारखं टकटकटकटक वाजवलं आणि म्हणाला, “साहेब फार घाईत होते हो.”

तेव्हा मला जरा उलगडा झाला. इंजिनात नुसता एकसारखा टकटकाट होत होता. ठेका ज्याचा त्याने घरून आणला होता. पंख्याच्या करकरीत नाही का आपल्याला कोणी हाक मारतंय असं वाटत? तसंच. पण टकटकाट तर खरा होता. तो कुठून येत होता?

दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद ठेवला आणि भाचीला घेऊन वर्कशॉपमध्ये गेले. मिस्त्री बाहेर गेले होते. तिच्याजवळ किल्ली होती. आत दादाची खुर्ची अजून तिथेच होती, तिच्या पाठीला त्याचं जाकीट. दोघींनी त्या खुर्चीकडे बघायचं टाळलं, आणि दोघींनाही ते कळलं.

थंड गाडी चालू केली. दिवा नाही, टकटक नाही. मांजरीसारखी गुरगुरत उभी राहिली.

“बाबा सकाळी येत नाहीत का?” भाची म्हणाली. हसायला गेली, पण तोंड वाकडं झालं.

“महाराज आधी काय करतात?”

“फेरी मारतात. जोरात.”

आम्हीही मारली. बापाची लेक, तिने गाडी अशी फेकली की मी दोन्ही हातांनी सीट धरून बसले. परत आलो तेव्हा बॉनेटवर हात ठेववत नव्हता. ती शटर ओढून घ्यायला उतरली आणि तेवढ्यात मी सरकून ड्रायव्हरच्या जागी बसले. इंजिन चालूच होतं. शटर खाली आलं, आत अंधारलं, आणि माझ्यासमोर लाल दिवा लागला.

टक टक, टक.

महाराज नव्हते. गर्दी नव्हती, गुणगुण नव्हती. मी तोंड उघडलं आणि माझ्या नकळत शब्द गेला, “दादा?”

दिवा तसाच. टकटक तशीच. त्या आवाजात इतकी ओळख होती की मला हात पुढे करून बॉनेटला धरावंसं वाटलं. जाणत्या बाईलाही त्या क्षणी कोणी ‘वर्कशॉप महाराजांच्या नावावर कर’ म्हटलं असतं, तर तिने सही केली असती. लोकांना वेडं म्हणणं फार सोपं असतं. त्या सीटवर बसून बघा.

मग मला तपासणीच्या खोलीतली ती शांतता आठवली, ज्यात माणसं बटण दाबतात. ओठ ओले केले आणि विचारलं, “दादा, तू इथे नाहीस ना?”

दिवा लागलेलाच होता. हो.

“तू माझा भाऊ आहेस?” हो. “मी तुझी आई आहे?” हो. “उद्या सूर्य उगवणार नाही?” हो, हो, टक टक, टक.

मी रडायला लागले, आणि रडता रडता हसायला लागले. दिव्याला ‘नाही’ म्हणताच येत नव्हतं. मग महाराज तो विझवायचे कसा? हात तर त्यांचे खिडकीबाहेर असायचे, सगळं गाव त्या हातांकडे बघत असायचं. मी खाली बघितलं. माझा उजवा पाय पॅडलच्या बाजूला मोकळा होता. पंज्याचं टोक अॅक्सिलरेटरवर नुसतं टेकवलं, जेमतेम. इंजिनाचा सूर किंचित चढला, दिवा विझला, टकटक बंद. पाय उचलला; दिवा लागला, दादा आला. पाय टेकवला, दादा गेला. सूर चढलेला कोणाला कळू नये म्हणून ती गुणगुण होती. पॅडल पायाच्या बोटाने चाचपता यावं म्हणून ते पातळ तळव्याचे बूट होते.

“पोरी, इंजिन बंद करते,” मी ओरडले. “ये इकडे, मला हा दिवा समजावून सांग.”

तिने पट्टी बाहेर काढली. तेल काठोकाठ. एक थेंब बोटावर घेतला. थेंब ठरेना, पाण्यासारखा मनगटाकडे पळाला. तिने बोट नाकाशी नेलं आणि तिचा चेहरा बदलला.

“आत्या, यात रॉकेल आहे.”

तेल ओतायच्या टोपणावर महाराजांनी मखमलीची टोपी चढवली होती, त्याला ‘मुकुट’ म्हणायचे. तिने ती उपटून काढली. टोपणावर ठसठशीत अक्षरांत कोरलं होतं: १०-डब्ल्यू-६०. इतके दिवस सगळ्यांच्या नाकासमोर, मखमलीखाली.

“हा तेलाचा घट्टपणा,” ती म्हणाली. “पहिला आकडा थंडीतला, दुसरा तापल्यावरचा. बाबा म्हणायचे, पहिला आकडा तेल सकाळी उठताना कसं वागतं ते सांगतो, दुसरा भांडणात कसं वागतं ते. सगळीच तेलं तापली की पातळ होतात. हे इंजिन असलं तापतं की भांडणात साठ लागतातच. शेजारच्या साध्या गाडीत हेच घातलंस तर तिला ते जड होईल. ज्याचं त्याला.” तिने डॅशबोर्डकडे बोट केलं. “आणि हा दिवा तेल किती आहे ते सांगतच नाही. तेलाला दाब किती आहे ते सांगतो. अंगात रक्त पूर्ण, पण बीपी पडलेलं, असं असतं ना तुमच्यात? तसं. तेल पाण्यासारखं झालं की पंप ढकलतो आणि ते फटींतून पळून जातं. वरच्या झडपा हलवणाऱ्या टॅपेटांपर्यंत पोचत नाही, म्हणून ती वाजतात. थोडी रेस दिली की पंप जोरात फिरतो, दाब चढतो, दिवा विझतो.”

“हे तुला माहीत होतं?”

“सगळं माहीत होतं,” ती पुटपुटली. “एक एक करून. पण बाबांचा आवाज आला की मी बाकीचं बंद करत होते.”

“आणि रविवारी? धावपट्टीवर, पूर्ण वेगात?”

तिने पात्राच्या तळाशी बोट फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं. बोट चांदीसारखं चमकत होतं.

“वेगकण,” ती म्हणाली. “आत्या, हे बेअरिंग आहे. धातूवर धातू घासतोय. पूर्ण वेगात ते जॅम झालं असतं, चाकं तिथेच धरली असती. गाडी उलटायला दुसरं काही लागत नाही.”

जो दिवा ‘थांब, थांब’ म्हणून ओरडत होता, त्यालाच आम्ही हात जोडून ‘हो’ समजत होतो.

मी तडक वहिनीकडे निघाले, पण भाचीने दंड धरला. “सांगून तिला पटणार नाही. मला तरी पटलं असतं का? तिला त्या सीटवर बसवू.”

शनिवारी वर्कशॉप तुडुंब भरलं. उद्याच्या शर्यतीआधीचा शेवटचा ‘संवाद’ होता. महाराज फेरी मारून आले, बाटली ओतली, हात बाहेर काढले, गुणगुण सुरू झाली. मी पुढे गेले.

“महाराज, आज पायसुद्धा बाहेर काढा.”

गुणगुण अडखळली.

“पाय?” महाराज हसले. “ताई, तुम्ही कानांच्या डॉक्टर. पायापर्यंत कधी घसरलात?”

लोक हसले. त्यांनी तेवढ्यात सूर पकडला. “संशयी कानाला आत्म्याची स्पंदनं ऐकू येत नसतात. ऊर्जेचं मंडल जोडलेलं असतं, कानापासून टाचेपर्यंत. ते तोडलं तर तो परत येणार नाही. कायमचा जाईल. चालेल तुम्हाला? सख्खा भाऊ!”

ते नेमकं दुखऱ्या जागी लागलं, आणि लागावं म्हणूनच फेकलेलं होतं. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, “जाऊ द्या ना, ताई.”  मग मागून वहिनीचा आवाज आला.

“महाराज, तुम्ही उठा. मी बसते.”

“ताईसाहेब, अनधिकृत माणसाने...”

“मी त्यांची बायको आहे,” वहिनी म्हणाली. “माझ्याहून अधिकृत कोण?”

यापुढे कोणाचं काही चालत नाही. महाराज उतरले. पाय उचलल्याबरोबर दिवा लागला होता, तो तसाच राहिला. वहिनी आत बसली आणि मी सांगितल्यावर त्या अरुंद सीटवर कशीबशी मांडी घालून बसली. हात मांडीवर. मी गुणगुण थांबवायला सांगितली. पहिल्यांदाच त्या वर्कशॉपमध्ये नुसतं इंजिन ऐकू येत होतं.

“तुम्ही आहात?” तिने विचारलं.

लाल दिवा. टकटक. तिचा चेहरा उजळला, आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं.

“आता उलटं विचार, वहिनी,” मी म्हटलं.

ती दिव्याकडे वळली. मग म्हणाली, “तुम्ही नाही आहात?”

लाल दिवा. टकटक.

“मी तुमच्यावर रागावले होते, ते कळलं होतं तुम्हाला?” दिवा. “मी कधीच रागावले नव्हते?” दिवा. तिचा आवाज बारीक होत गेला. “पोरीने उद्या जावं?” दिवा. तिने लेकीकडे बघितलं. “पोर मेली तर चालेल तुम्हाला?”

दिवा लागलेलाच होता. टक टक, टक.

तिने किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं. “असं ते म्हणणार नाहीत,” ती गर्दीला म्हणाली, अगदी साध्या आवाजात. “माणूस कसाही असला तरी असं म्हणणार नाही.”

मग बाकीचं मी दाखवलं. पाय टेकवून आणि उचलून दिवा दहा वेळा लावला, दहा वेळा विझवला. वकिलांनाही लावायला दिला. घरून आणलेले दोन उंच काचेचे ग्लास गरम पाण्यात ठेवले. एकात दादाच्या फडताळातल्या बंद डब्यातलं तेल, दुसऱ्यात महाराजांच्या बाटलीतलं. दोन्ही तापल्यावर सायकलच्या बेअरिंगचा एकेक छर्रा सोडला. दादाच्या तेलातला छर्रा रमतगमत खाली गेला. महाराजांच्या तेलातला सोडला न सोडला तोच तळाला टण्णकन आपटला.

“हे तेल दोन लोखंडांच्या मध्ये उभं राहणार आणि भांडण सोडवणार?” मी विचारलं. “रॉकेलाची फोडणी दिलेलं?”

महाराज म्हणाले की विज्ञान अजून तिथपर्यंत पोचलेलं नाही. मिस्त्री म्हणाले, “तुमच्या बाटलीपर्यंत पोचलंय.” आपल्या इंजिनात वेगकण घातलेल्या मंडळींनी एकमेकांकडे बघितलं आणि एकदम सगळे महाराजांकडे वळले. महाराज आपली पोलादी कांब तिथेच टाकून निघाले. मी वकिलांना म्हटलं, मारझोड नको, तक्रार करा. ती त्यांनी केली.

गर्दी पांगल्यावर मिस्त्री पान्हा घेऊन गाडीखाली शिरले. “काढू का सगळं तेल?”

वहिनी अजून सीटवरच होती. “थांबा,” ती म्हणाली. मग माझा हात धरला. “वन्सं, एकदाच. काढायच्या आधी एकदाच ऐकू दे. मला आता माहीत आहे ते काय आहे. मी कोणाला काही सांगणार नाही. नुसतं ऐकते.”

 मलाही ऐकायचं होतं. मिनिटभराने असं काय बिघडणार होतं? आणि तरी दर टकटकीला आत कुठेतरी धातू धातूला खाणार होता, हे आता दोघींना ठाऊक होतं. भाची बॉनेटशी उभी होती, पात्रात बुडवलेली बोटं पुन्हा चमकत होती.  वहिनीने तिच्या त्या बोटांकडे बघितलं आणि किल्लीवरचा हात काढला.

“काढा,” ती मिस्त्रींना म्हणाली.

रविवारी भाची धावली नाही. इंजिन पूर्ण उघडावं लागलं, बेअरिंगं नवी बसली, आणि टोपणावर कोरलं होतं तेच तेल पडलं. बऱ्याच दिवसांनी एका दुपारी गाडी धावपट्टीवर नेली. भाचीने मनसोक्त फिरवून आणली आणि आमच्यासमोर उभी केली. बॉनेटवरची हवा थरथरत होती. आम्ही तिघी ऐकत होतो. दिवा नाही. टकटक नाही. इतकी स्वच्छ शांतता मी माझ्या तपासणीच्या खोलीतसुद्धा कधी ऐकली नव्हती, आणि इतकी भयंकरही नाही.

“काहीच ऐकू येत नाही,” वहिनी म्हणाली.

“नाही.”

“म्हणजे सगळं बरोबर आहे?”

“सगळं बरोबर आहे, वहिनी.”

तिने मान हलवली. मग खिडकीशी गेली, टपावर बोटाच्या पेराने दोनदा वाजवलं, जरा थांबून एकदा, आणि लेकीला म्हणाली, “जा. सांभाळून.”

मी ही हकीगत लिहिते आहे ती महाराजांवर हसायला नाही. ते आता दुसऱ्या कुठल्या गावात दुसरं काही विकत असतील. गेलेल्या माणसाचा आवाज तुम्हालाही कधी ऐकू येईल; येऊ दे, त्यात लाज नाही. फक्त त्याला एकदा उलटा प्रश्न विचारून बघा. तुम्ही विचाराल त्या प्रत्येक गोष्टीला जो हो म्हणतो, तो तुमचा कोणी नव्हे. आणि लाल दिवा लागला, तर हात जोडण्याआधी इंजिन बंद करा, खाली वाका, आणि कोणाचा पाय कुठे आहे ते बघा.